सतराचा राजा

माझा आजा झिंगुर मल्लाह मासे मोजायचा ते असे:
चौदा, पंधरा, सोळा, राजाचा, अठरा.
गिऱ्हाईक हसायचं. आजा नाही.
राजाचा मासा तो गंगेत परत सोडायचा
आणि पैसे मात्र अठरांचे घ्यायचा.
आजी म्हणायची, राजाच्या नावावर तुमचंच पोट.

झालं होतं असं, की कंपनीने दख्खनमधून एक राजा आणून
काशीत ठेवला होता.
ठेवला म्हणजे गहाणाचं भांडं ठेवतात तसा,
वापरायचं नाही, फोडायचंही नाही.
कुठला राजा, आज्याने विचारलं.
हुजऱ्या सुभानजी म्हणाला, साताऱ्याचा.
आज्याने ऐकलं, सतराचा.
सतरा गावांचा असेल बिचारा.
आमच्या जमीनदाराकडेच चाळीस होती.

राजा त्याने कधी पाहिला नाही.
पडदा पाहिला,
पडद्याखाली लोंबणाऱ्या शालीचा एक कोपरा,
कुणीतरी रफू केलेला, चांगल्या हाताने.

पहिल्या वर्षी पर्वणीला तीन नावा लागल्या,
भटजी, आचारी, भालदार, त्यांची पोरं.
मग दोन.
मग एकीतच सगळे मावू लागले आणि पाय पसरून बसू लागले.
बाकीचे कुठे गेले, असं विचारलं की
सुभानजी म्हणायचा, विलायतेला अर्ज गेलाय.
पावसाळा लांबला तरी हेच, भाडं थकलं तरी हेच.
सतराशे साठ अर्ज गेले असतील,
आजा म्हणायचा, समुद्राचा तळ त्या कागदांनीच वर आला असेल.

तुमच्याकडे नदी नाही का रे?
आहे की. कृष्णा.
नाव चालते?
उन्हाळ्यात लोक चालत जातात पलीकडे.
आज्याला त्या दिवशी राजाची पहिल्यांदा खरी दया आली.

मग एका सकाळी पालखी आली ती पडद्यावाचून.
पुढच्या वर्षी दूरची बातमी आली,
तिकडे गादीवर भाऊ होता, तोही गेला,
आणि दत्तक पोरगा मांडीवर बसलेला असून
कंपनीच्या डोळ्यांना काही केल्या दिसेना.
राज्य खालसा.
खालसा म्हणजे काय, आज्याने विचारलं.
सुभानजीने ओंजळभर पाणी उचललं
आणि बोटं सैल केली.

त्यानंतर तो घाटावर एकटाच बसायचा.
एकदा म्हणाला, मला पलीकडे सोड.
पलीकडे वाळू आहे, कलिंगडाचे वेल आहेत, बस्स.
आणि तिथे मेलं तर माणूस गाढव होतो,
हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक.
सुभानजी, खोकला बरा नाही तुझा,
या काठावर राहा, इथे मरेल तो सुटतो.

तो म्हणाला,
धनी सुटले. त्यांचं ठीक झालं.
मला सुटून कुठे जायचंय?
मला परत जायचंय.
आमच्या किल्ल्याचा चढ असा आहे, झिंगुर,
की वर पाणी न्यायला गाढवंच लागतात.
कुणी ना कुणी तिथे राहतच असेल अजून,
त्यालाही तहान लागत असेल.

आज्याने वल्हं मारलं.
मधल्या धारेत दोघंही काही बोलले नाहीत.
वाळूवर उतरताना सुभानजीची वहाण रुतली, ती त्याने तशीच राहू दिली.
आज्याने हात पुढे केला आणि सवयीने
जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं मागितलं.
आणि सुभानजीने दिलं,
मोजून,
परतीचंसुद्धा.

माझ्या टोपलीत आज बावीस मासे आहेत.
म्हणजे गिऱ्हाइकासाठी एकवीस.
सातारा कुठे आहे ते मी कुणाला विचारलेलं नाही.